प्रार्थनेच्या मैदानातली दुसरी रांग : शाळेच्या व्यवस्थापक मंडळाला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापक मंडळाचे सर्व सदस्य यांस,

प्रभूमध्ये सलाम.

शाळेचं आणि गावाचं नाव या पत्रात मी मुद्दाम घातलेलं नाही. फी थकलेल्या ज्या मुलांबद्दल लिहिते आहे ती अजून त्याच वर्गांत बसतात आणि त्यांना कुणी हुडकून काढावं अशी माझी इच्छा नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-निपाणी पट्ट्यातली मिशनची शाळा, मराठी विभाग अनुदानित, इंग्रजी विभाग विनाअनुदानित, आवारातच मंडळीचं, म्हणजे चर्चच्या सभासदांचं, देऊळ. एवढ्यावरून हे पत्र आपल्यालाच आहे हे आपल्याला कळेल. याआधी मी दोन अर्ज केले. पहिल्याची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. दुसरा ठेवून घेतला, पण पोचेचा शिक्का मारून मिळाला नाही. म्हणून आता सर्वांसमक्ष लिहिते.

माझे वडील या शाळेत एकतीस वर्षं शिपाई होते. प्रार्थनेच्या घंटेचा दोर त्यांच्या हातात असायचा. आई बोर्डिंगात भाकऱ्या थापायची. तेव्हा कागल, गडहिंग्लजकडचीही मुलं बोर्डिंगात असत आणि आईला सगळी ‘मावशी’ म्हणत. पहिलीपासून दहावीपर्यंत मी इथंच, मराठी माध्यमात शिकले. आता माझी मुलगी इंग्रजी विभागात सातवीत आहे. रविवारी आम्ही याच आवारातल्या देवळात उपासनेला बसतो, म्हणजे आठवड्याचे सातही दिवस आमच्या घराचं कुणी ना कुणी या फाटकातून आत जातं. पोटासाठी मी एका पतसंस्थेत कर्जखात्याच्या टेबलावर बसते. हे का सांगितलं ते पुढं येईल.

जानेवारीतल्या एका सोमवारी मुलगी घरी आली, दप्तर ठेवलं आणि जेवायला बसली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, “आई, प्रार्थनेला डोळे मिटायचे असतात ते आता बरं वाटतं. टाकीकडं बघावं लागत नाही.”

टाकीकडं काय आहे, हे मी दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर उभी राहून पाहिलं. प्रार्थनेच्या वेळी सगळे वर्ग मैदानात ओळीनं उभे होते आणि पाण्याच्या टाकीच्या भिंतीशी एक वेगळी रांग होती. मी मोजली. तेवीस मुलं. सगळ्यात लहान मुलगा दुसरीतला असावा, त्याच्या स्वेटरची बाही कोपरावर उसवलेली होती. ही फी थकलेल्या मुलांची रांग. प्रार्थना संपल्यावर बाकीचे वर्गात गेले आणि ही मुलं कार्यालयाच्या दारात गेली. तिथं एकेकाचं नाव वाचून त्याच्या हातात चिठ्ठी दिली गेली.

त्या रांगेत माझ्या मुलीच्या बाकावर बसणारी एक मुलगी होती. तिची आई विड्या वळते. मी तिला ओळखते, कारण तिचं बचत खातं आमच्या पतसंस्थेत आहे. संध्याकाळी ती मला रस्त्यात भेटली. तिनं मला एकच विचारलं, “पैसं बुडवनार न्हाई ओ मी. पर पोरीला सगळ्यांच्या म्होरं का हुबी केलासा?” तिनं ‘केलासा’ म्हटलं. मी शाळेच्या माणसाची मुलगी, मंडळीची सभासद, म्हणून शाळेनं जे केलं त्यात तिनं मलाही धरलं. तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

आता पतसंस्थेचं सांगते. आमच्याकडं थकबाकीदार असतात, वसुली असते, नोटिसा असतात. पण नोटीस बंद पाकिटात जाते. कर्जदाराच्या मुलाला बोलावून चार माणसांत उभं केल्याचं मी सोळा वर्षांत पाहिलेलं नाही. व्याज घेणारी संस्था जी लाज राखते, ती ज्या संस्थेच्या दारावर “अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या” हे वचन रंगवलेलं आहे तिनं का राखू नये?

आणि ही रांग कुठल्या वेळेला उभी राहते हे मंडळातल्या कुणी लक्षात घेतलं आहे का? आपण सर्वजण या मंडळीत वाढलो. प्रभूनं शिकवलेली प्रार्थना आपल्याला झोपेतही येते. “आमची रोजची भाकर आज आम्हांला दे” आणि लगेच पुढं, “जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.” मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं बारावं वचन. मराठीत तिथं पाप हा शब्द नाही, ऋण हा आहे, कारण मूळ ग्रीकमध्येही कर्जाचाच शब्द आहे. सातशे मुलं एका सुरात हे म्हणत आली, आणि त्याच वेळी शाळेचे तेवीस ऋणी टाकीच्या भिंतीला पाठ लावून तेच शब्द म्हणत होते. मी फाटकाबाहेर होते, मला पुढचं म्हणता आलं नाही.

मग फेब्रुवारीत सूचना निघाली की ‘शिस्त आणि एकसमानतेसाठी’ प्रार्थना इथून पुढं फक्त इंग्रजीत होईल. इंग्रजीत जी चालीची प्रार्थना मुलांना पाठ करायला दिली आहे तिच्यात ‘ट्रेसपासेस’ आहे, म्हणजे अपराध. ऋण हा शब्द त्यात नाही. इंग्रजी प्रार्थना खोटी आहे असं मी म्हणत नाही. जगभर कोट्यवधी लोक ती मनापासून म्हणतात. पण आमच्या मैदानात टाकीजवळची रांग तशीच राहिली आणि तिच्याबद्दल बोलणारा शब्द तेवढा गेला. हे ठरवून झालं नसेल. झालं मात्र आहे.

फी भरू नये असं कुणीही म्हणत नाही. शिक्षकांचे पगार फीतून होतात, विनाअनुदानित विभागाला सरकार एक रुपया देत नाही, छपराचे पत्रे बदलायचे आहेत, हे सगळं मला माहीत आहे. पण आमच्या भागात पैसा कसा येतो हे आपल्यालाही माहीत आहे. फीचा पहिला हप्ता १० जूनला. उसाचा हंगाम मार्चच्या आसपास संपतो. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यावं असा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, आणि तसं बिल किती जणांना मिळतं हे आपल्यातल्या ऊस घालणाऱ्या सदस्यांनीच सांगावं. तंबाखू विकली तरी व्यापारी उधारीवर नेतो. विडी वळणारीला आठवड्याचा हिशेब मिळतो, पण पानं खराब निघाली की कापून मिळतो. या माणसांना दहा तारीख पाळता येत नाही म्हणून ती बुडवी ठरत नाहीत.

हे मिशनच्या जुन्या लोकांना कळत होतं. वडील सांगायचे, आधीच्या हेडमास्तरांकडं एक लाल कापडी बांधणीची वही असायची. तीत ‘तंबाखूनंतर’, ‘उसाच्या बिलानंतर’, ‘नाताळापर्यंत’ असे तीन रकाने होते, आणि पालक ज्या रकान्यात नाव घाला म्हणेल त्यात ते घालायचे. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या दरासाठी निपाणीजवळ शेतकरी महामार्गावर बसले, ६ एप्रिलला गोळीबार होऊन माणसं गेली. त्या वर्षी हेडमास्तरांनी वही उघडलीच नाही, असं वडील सांगायचे. पैसे आले का, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. “उशिरा आले. पण आले,” एवढंच म्हणाले. आता वहीच्या जागी ॲप आहे. ॲपमध्ये एकच तारीख आहे आणि तिच्यानंतर रोजचा दंड.

मंडळाचं चांगलंही मी विसरलेले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेला पूर आला, यमगर्णीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद झाला, तेव्हा याच मंडळानं देवळाचा हॉल आणि चार वर्ग उघडून दिले. आत आलेल्या कुणालाही जात विचारली नाही, धर्म विचारला नाही, पावती विचारली नाही. माझी मुलगी तेव्हा लहान होती, ती त्या हॉलमध्ये दुसऱ्या मुलांबरोबर जेवली. त्या दिवसांतलं मंडळ आणि आजचं मंडळ यात फारशी माणसं बदललेली नाहीत. म्हणूनच मला हे पत्र लिहावंसं वाटलं. ज्यांच्याकडून अपेक्षाच नाही त्यांना पत्र कोण लिहितं?

आता भाषेचं. इथं मला जास्त लिहावं लागेल, कारण यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

माझी मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. तो निर्णय माझा आणि तिच्या वडिलांचा. तिला पहिली भाषा इंग्रजी, दुसरी कन्नड. कन्नड शिकवणं २०१५ च्या कायद्यानं राज्यातल्या शाळांना बंधनकारक आहे, आणि कायदा नसता तरी मी शिकवलं असतं. ती बसची पाटी वाचते, तहसील कार्यालयातला अर्ज मला वाचून दाखवते, तिच्या मैत्रिणीच्या आजीशी तासभर कन्नडमध्ये बोलते. १ नोव्हेंबर १९५६ ला हा जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, त्याबद्दल मोर्चे झाले, खटला सुप्रीम कोर्टात आहे. त्या प्रश्नावर माझं मत आहे, पण ते या पत्राचा विषय नाही आणि कृपा करून कुणी या पत्राला त्याचं रूप देऊ नये.

विषय एवढाच आहे की माझ्या मुलीला शाळेत मराठी ऐकायची आणि म्हणायची एकच जागा होती, ती म्हणजे प्रार्थना. सोमवार, मंगळवार मराठी, बुधवारी कन्नड, गुरुवारी इंग्रजी, शुक्रवारी मराठी आणि शनिवारी जे ठरेल ते. बुधवारचं कन्नड गीत गोकाककडून आलेल्या एका बाईंनी बसवलं होतं आणि ते मराठी विभागाची पोरं सगळ्यांपेक्षा जोरात म्हणायची. पेटी सगळ्या भाषांना एकच. मैदानाच्या कडेला वचनाचा फळा होता, त्यावर रोज एक मुलगा किंवा मुलगी खडूनं वचन लिहायची. माझी मुलगी मराठी वाचायला कुठं शिकली, असं मला पाहुण्यांनी विचारलं तर मी त्या फळ्याचं नाव सांगते. बाराखडी मी घरी शिकवली, पण अक्षरं जोडून सरळ वाचणं ती फळ्यावर शिकली. फेब्रुवारीपासून फळ्यावर इंग्रजी सुविचार येतो. तो कुणी मूल लिहीत नाही, छापून चिकटवतात.

आपल्या विश्वासाची आणि मराठीची सांगड ही काही माझ्या घरची हौस नाही. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचा माणूस, गोव्यात राचोलला १६१६ साली ख्रिस्ताची कथा छापली ती मराठी ओवीत, आणि तिच्यात मराठीला हरळांमधल्या, म्हणजे खड्यांमधल्या, रत्नाची उपमा दिली. आपला पंथ वेगळा, त्यांचा वेगळा, पण त्या ओव्या आमच्या गुरुजींनी आम्हाला शिकवल्या होत्या. पंडिता रमाबाई तर याच कर्नाटकातल्या डोंगरात १८५८ मध्ये जन्मल्या. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी केडगावला हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली, आणि भाषा अशी ठेवली की खेड्यातल्या साध्या बाईला कळावी. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात बसवलं, टाळ-मृदंगाला देवळात जागा करून दिली. या लोकांना इंग्रजी येत नव्हतं म्हणून त्यांनी हे केलं नाही. स्टीफन्सची तर ती जन्मभाषा. माणूस आईशी ज्या भाषेत भांडतो त्या भाषेत देवाशी बोलू लागला की ते बोलणं खरं होतं, हे त्यांना कळलं होतं.

माझ्या आईचं उदाहरण देते. ती चौथी शिकलेली. बोर्डिंगाच्या चुलीपुढं बसून ‘रोजची भाकर’ म्हणायची तेव्हा तिच्या हातात भाकरीच असायची. एकदा पीठ कमी पडलं, चाळीस मुलं जेवायची होती. ती पाच मिनिटं डोळे मिटून बसली आणि मग उठून शेजारच्या मुसलमान घरातून पायलीभर ज्वारीचं पीठ घेऊन आली. मला म्हणाली, “मागितल्याशिवाय कसं मिळंल? देवाला मागितलं, मग त्यांना मागितलं.” प्रार्थना म्हणजे काय, हे मला कुठल्याही शास्त्रपाठापेक्षा या एका प्रसंगातून कळलं.

काही सदस्यांचं म्हणणं माझ्या कानावर आलं आहे की मराठी-कन्नड प्रार्थनेवर बाहेरून कुणी बोट ठेवेल, धर्मांतराचा आरोप करेल. इंग्रजी प्रार्थना ‘सोज्वळ’ दिसते, वाद नको. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. दिवस तसे आहेत. पण संविधानाच्या अठ्ठाविसाव्या कलमात स्पष्ट आहे: सरकारची मान्यता किंवा मदत असलेल्या शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षण किंवा उपासना सक्तीची करता येत नाही. आपल्या शाळेनं हे कधी मोडलं नाही. माझ्या वर्गात लिंगायत, मराठा, मुसलमान, जैन, दलित सगळे होते. ज्याला प्रार्थनेला उभं राहायचं नसे तो वाचनालयात बसायचा आणि त्याला कुणी काही विचारायचं नाही. हंगामाच्या सणाला वेदीपुढं ऊस, शाळूची कणसं, भुईमुगाच्या शेंगा यायच्या त्यातल्या अर्ध्या ख्रिस्ती नसलेल्या घरांतून यायच्या. आम्ही त्यांच्या बेंदराला पोळ्या खाल्ल्या. हे उघड्यावर, सगळ्यांना कळणाऱ्या भाषेत चालायचं म्हणून कुणाला संशय आला नाही. बाहेर उभ्या असलेल्या आयांना जी प्रार्थना कळतच नाही, तिच्याबद्दल संशय जास्त येईल की कमी? आपणच विचार करावा.

यानंतरचा मुद्दा पहिल्या मुद्द्याशी थेट बांधलेला आहे. मार्चमध्ये पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर एका ओळीचा निरोप आला की येत्या जूनपासून मराठी माध्यमाच्या पहिलीत प्रवेश दिला जाणार नाही. एक ओळ! बैठक नाही, कारण नाही, मंडळीत जाहीर करणं नाही. मुलांची संख्या कमी झाली आहे, हे मला दिसतं आणि त्यात माझ्यासारख्यांचा वाटा आहे हेही मी कबूल करते. पण मराठी विभाग अनुदानित आहे. तिथं फी नावापुरती, दुपारचं जेवण सरकारकडून, दूध सरकारकडून. पहिलीचा हा वर्ग बंद झाला तर विडी वळणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या घरांतलं पोर कुठं जाईल? त्यातलं जे आपल्याच शाळेत राहील ते इंग्रजी विभागात जाईल, फी परवडणार नाही, आणि दोन वर्षांनी टाकीच्या भिंतीशी उभं राहील. गरीब घरातली मुलं ज्या दारातून फुकट आत यायची ते दार आपण बंद करतो आहोत आणि दुसऱ्या दारावर पैसे मागतो आहोत.

संविधानाच्या ३५० अ कलमात भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं यासाठी पुरेशा सोयी करायला राज्यांना सांगितलं आहे. आपण ही शाळा ज्या तिसाव्या कलमाच्या आधारानं चालवतो ते कलम धर्माच्या अल्पसंख्याकांना जेवढं आहे तेवढंच भाषेच्या अल्पसंख्याकांना आहे. आपले मराठी ख्रिस्ती इथं दोन्ही अर्थांनी थोडे आहेत. एका हातानं तिसावं कलम पुढं करायचं आणि दुसऱ्या हातानं मराठीचा वर्ग बंद करायचा, हे मला पटत नाही.

कायद्याचं आणखी एक. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला मनाई आहे. माझ्या पहिल्या अर्जात मी हे लिहिलं तेव्हा कार्यालयातून तोंडी उत्तर मिळालं की हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. बरोबर आहे. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली तसा निकाल दिलेला आहे. पण ती सूट आपल्याला कशासाठी मिळाली? आपला विश्वास जपता यावा, आपल्या पद्धतीनं मुलं घडवता यावीत, म्हणून. मुलांना लाज वाटावी अशी रांग लावायला ती सूट वापरली, तर सरकारी शाळेतल्या मुलापेक्षा मिशनच्या शाळेतलं मूल कमी सुरक्षित झालं. हे वाक्य लिहिताना मला त्रास होतो आहे. माझ्या वडिलांनी या शाळेच्या गणवेशाच्या कोटात आयुष्य काढलं.

शास्त्रपाठाचा आणि नीतिपाठाचा तास काढून त्या जागी जादा पैसे घेऊन व्यक्तिमत्त्व विकासाचा वर्ग सुरू झाला, त्याबद्दल थोडकंच लिहिते. ख्रिस्ती मुलांना शास्त्रपाठ, बाकीच्यांना नीतिपाठ, ही जुनी वाटणी सगळ्यांना मान्य होती. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला दाखला, राजानं मोठं कर्ज माफ केलेला चाकर बाहेर येऊन आपल्या सोबत्याची थोड्या पैशासाठी मानगूट धरतो तो, आम्ही पाचवीत नाटक करून दाखवला होता. राजा झालेला मुलगा पुढं गावात दुकानदार झाला. त्याची उधारीची वही मोठी आहे आणि तो अजून मला त्या नाटकाची आठवण काढून हसतो. आताच्या पाचवीला हा दाखला माहीत नाही. मी विचारून पाहिलं.

आता मागण्या लिहिते. त्यातली एकही ऐपतीच्या बाहेरची किंवा कायद्याच्या बाहेरची नाही.

टाकीजवळची रांग आजपासून बंद व्हावी, आणि ती बंद झाली हे प्रार्थनेच्या वेळी सगळ्या मुलांसमोर मुख्याध्यापकांनी सांगावं. ज्या मुलांना उभं केलं त्यांची माफी त्याच मैदानात मागितली जावी. फीची मागणी पालकाकडं, लेखी आणि बंद पाकिटात जावी. मुलाच्या हातात चिठ्ठी देऊ नये, मुलाचं नाव वर्गात वाचू नये, परीक्षेला किंवा दाखल्याला फीची अट घालून मुलाला अडवू नये.

हप्त्यांच्या तारखा आमच्या भागातल्या पैशाच्या हंगामाप्रमाणं लावाव्यात, आणि रोजचा दंड काढून टाकावा. त्यासाठी मंडळ, शिक्षक आणि पालक यांची लहान समिती करावी. तीत विडी कामगार आणि ऊसतोड घरातले पालक असावेत, फक्त आमच्यासारखे पगारदार नकोत. ज्या घरांना खरंच जमत नाही त्यांच्यासाठी मंडळीनं निधी काढावा. आमच्या पतसंस्थेत मी विनामूल्य त्याचा हिशेब ठेवीन, आणि पहिली वर्गणी माझी. कुणाला किती मदत मिळाली हे समितीबाहेर कळू नये.

प्रार्थना पूर्वीसारखी मराठी, कन्नड, इंग्रजी अशी आळीपाळीनं व्हावी. वचनाचा फळा मुलांच्या हातात परत द्यावा. शास्त्रपाठ आणि नीतिपाठ वेळापत्रकात, फी न घेता, परत यावेत.

मराठी पहिलीचा निर्णय या जूनपुरता तरी थांबवावा. प्रवेशाची पाटी लावावी, आजूबाजूच्या वाड्यांवर शिक्षकांनी नेहमीप्रमाणं फिरावं आणि किती मुलं येतात ते बघावं. पाटीच न लावता मुलं येत नाहीत असं म्हणू नये. तरीही वर्ग चालवणं शक्य नसेल, तर मे महिन्यात पालकांची आणि मंडळीची बैठक घेऊन आकडे समोर ठेवावेत: किती मुलं, किती शिक्षकपदं मंजूर, किती रिकामी, आणि त्या खोल्यांचं पुढं काय करायचं ठरलं आहे. शेवटचा प्रश्न मी विचारते, कारण गावात वेगवेगळं ऐकू येतं, आणि ऐकीव गोष्टींवर मला विश्वास ठेवायचा नाही. आपण सांगाल ते खरं मानीन.

या पत्रामुळं माझ्या मुलीला शाळेत त्रास होईल अशी भीती मला दोन-तीन जणांनी घातली. मी ती मनावर घेतलेली नाही. तिच्या वर्गशिक्षिका चांगल्या आहेत. रांगेतल्या मुलांना वर्गात आल्यावर त्या आधी पाणी प्यायला पाठवतात आणि मग हजेरी घेतात, एवढं मला मुलीकडून कळलं आहे.

जूनमधल्या शाळेच्या पहिल्या सोमवारी मी आणि आणखी काही आया प्रार्थनेला येणार आहोत. वडिलांच्या काळात पालकांना फाटकाच्या आत, गुलमोहराखाली उभं राहून प्रार्थना म्हणायची मुभा होती. ती अजून आहे का, हे उत्तरात कळवावं.

आपली नम्र,
शाळेची माजी विद्यार्थिनी, सातवीतल्या मुलीची आई आणि मंडळीची सभासद